लाटंबार्सेत वाचलेला काब्राल

आमिल्कार काब्रालच्या लेखांची आणि भाषणांची ‘रिटर्न टू द सोर्स’ आणि ‘युनिटी अँड स्ट्रगल’ अशी दोन पुस्तकं इंग्रजीत आहेत. नावं ऐकून वाटतं, ही पक्षाच्या कार्यालयातल्या कपाटात ठेवायची पुस्तकं, आपल्यासारख्या बायकांचा त्यांच्याशी काय संबंध? खरं सांगायचं तर सुरुवातीची पानं मलाही जड गेली. साम्राज्यवाद, आघाडी, वर्ग, पुन्हा साम्राज्यवाद. पण हाच माणूस माती, भात, पाऊस आणि भूक यांच्याकडे वळला की त्याचं बोलणं एकदम आपल्या घरातलं होतं. कारण पुढारी होण्याआधी तो शेतकीचा विद्यार्थी होता, आणि माझ्या मते शेवटपर्यंत तेच राहिला. म्हणूनच मी त्याला इथे ‘ते काब्राल’ म्हणत नाही.

त्याचा जन्म 12 सप्टेंबर 1924 रोजी पोर्तुगीज गिनीतल्या बाफाता गावी झाला. आईवडील केप व्हर्दे बेटांवरचे, आणि तो वाढला तिथेच. आई इवा शिवणकाम करी, मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यातही राबे. (आपल्यातल्या काहीजणी इथे नाक मुरडतील. मुरडू देत. मुलं त्या कारखान्याच्या मजुरीवर जगली.) 1940 नंतरच्या दशकात केप व्हर्देवर पाऊस गेला आणि दुष्काळात हजारो माणसं अन्नावाचून मेली. तो तेव्हा माध्यमिक शाळेत होता. 1945 मध्ये शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा हा हुशार मुलगा वकील किंवा डॉक्टर व्हायला गेला असता तर कुणी आश्चर्य केलं नसतं. तो लिस्बनच्या शेतकी महाविद्यालयात गेला. शिकायचं, परत जायचं आणि माणसं भुकेनं मरणार नाहीत असं काहीतरी करायचं, एवढीच त्याची आशा. त्यात अजून झेंडा नाही, बंदूक तर नाहीच.

शेवटच्या वर्षाचा प्रबंध त्यानं जमिनीच्या धूपेवर लिहिला. पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात क्युबा नावाचं गाव आहे, तिथली माती त्यानं अभ्यासली. त्याच सुमारास केप व्हर्देच्या एका नियतकालिकात जमिनीच्या रक्षणावर लेख लिहिले. डोंगर उघडा पडला की पाऊस वरची माती घेऊन जातो, आणि मातीबरोबर माणसाचं पुढल्या वर्षीचं जेवण जातं, हा त्या विचाराचा गाभा. डिचोली तालुक्यातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खाणींचं लाल पाणी पावसात भातशेतीत उतरताना आपण बघितलेलं आहे. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या आणि 2018 साली पुन्हा परवाने रद्द केले, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती ट्रकांच्या हप्त्यांची. मातीची चर्चा फार थोड्यांनी केली. काब्राल इथे असता तर त्यानं पहिला प्रश्न कुठला विचारला असता, हे त्याचं लेखन वाचल्यावर कळतं.

लिस्बनमध्ये वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी 1944 पासून एक विद्यार्थीगृह होतं, ‘काझा दुश इश्तुदांतिश दु इंपेरिउ’. सरकारनं ते साम्राज्याशी इमानी पोरं घडवायला काढलं आणि तिथेच साम्राज्याच्या विरोधात उठणारी पोरं एकत्र आली. 1965 मध्ये पोलिसांनी ते बंद केलं. काब्राल, अंगोलाचे आगोश्तिन्यू नेतू यांच्या त्या वर्तुळात आपल्या मडगावात वाढलेले ऑर्लांदो द कोश्ता होते, ज्यांनी पुढे गोव्यातल्या कुणब्यांवर ‘उ सिग्नु द इरा’ ही कादंबरी लिहिली. काब्रालच्याच वर्षी बार्देशात जन्मलेले आकिनू द ब्रागांसा तर आफ्रिकेच्या लढ्यांशी इतके एकरूप झाले की 1986 साली मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. एप्रिल 1961 मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींमधल्या संघटनांची परिषद भरली, तिच्यात आफ्रिकेच्या शेजारी गोव्याचेही लोक बसले होते. आपल्या मुक्तिलढ्याच्या पुस्तकांत आफ्रिका कुठेतरी तळटीपेत येते. एकाच मालकाची दोन कुळं एकमेकांना ओळखत नाहीत, तसं झालं हे.

1952 मध्ये तो नोकरीवर गिनीत परतला आणि 1953 मध्ये सरकारी शेतीगणनेच्या निमित्तानं गावोगाव हिंडला. कर भरण्यासाठी शेतकऱ्याला भुईमूग पेरावा लागे, आणि तो विकत घेणारी गोवेया कंपनी भाव ठरवी. पोटाचं पीक मात्र भात. समुद्राकाठच्या बालांता लोकांनी खारफुटी हटवून, बांध घालून, खारं पाणी अडवून भातशेती उभी केलेली. आपल्या खाजनांसारखीच. नार्वे, दिवाडीकडे मानशीची दारं भरती-ओहोटी बघून उघडतात-मिटतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना गिनीचा शेतकरी परका वाटणार नाही. काब्रालला गावं, बोली, कोण कुणाचं ऐकतो, कुठे काय पिकतं हे सगळं या गणनेत उमगलं. सरकारला वाटलं, तो शेतं मोजतोय.

आता मुद्द्यावर येते. 3 ऑगस्ट 1959 ला बिसाव बंदरात, पिजिगितीच्या धक्क्यावर, गोदी कामगारांनी मजुरीसाठी संप केला. पोर्तुगिजांनी गोळीबार केला, पन्नासच्या आसपास माणसं मारली. त्यानंतर काब्रालच्या पक्षानं शहरातली निदर्शनं सोडून खेड्यांत जायचं ठरवलं आणि जानेवारी 1963 पासून सशस्त्र लढा सुरू झाला. इथे आपण जैन बायका पुस्तक मिटतो. अहिंसा परमो धर्म, विषय संपला. मला तसं मिटवता आलं नाही, कारण लाटंबार्सेपासून पत्रादेवी फार लांब नाही. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे हातात तिरंगा घेऊन आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर त्याच पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्या वर्षीच्या सत्याग्रहात मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय यांनाही गोळ्या लागल्या. आपला सत्याग्रह थोर, पण सालाझार त्यानं हलला नाही. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा गोवा सुटला. म्हणजे बंदूक आपल्याकडेही होती, फक्त ती दुसऱ्याच्या खांद्यावर होती. आपली व्रतं अभंग राहिली याचं थोडं श्रेय त्या खांद्यालाही द्यावं लागेल. गिनीच्या शेजारी असं सैन्य कुणाचंच नव्हतं.

आपल्या शास्त्रांनी गृहस्थाला हे समजून घेतलेलं आहे. हिंसेचे चार प्रकार सांगितले : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्या हेतूनं केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडलीच पाहिजे. चुलीची, धंद्याची आणि अन्यायाला अडवताना घडणारी हिंसा कमीत कमी व्हावी, एवढी अपेक्षा. काब्रालचं युद्ध कुठे बसतं? मी त्याला विरोधी हिंसेत धरते, पण सगळ्या अटी घालून. त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे. आपलं भांडण पोर्तुगीज माणसांशी नाही, वसाहतीच्या राजवटीशी आहे, हे तो कार्यकर्त्यांना सारखं बजावतो. पकडलेले पोर्तुगीज सैनिक त्याच्या पक्षानं रेडक्रॉसच्या हवाली केले. 1965 च्या सूचनांत तर तो सांगतो की आपल्या चुका आणि पराभव लोकांपासून लपवू नका. प्रतिक्रमण दुसरं काय असतं? पण बंदूक कार्यकर्त्याचं काय करते, यावर तो पुरेसं थांबत नाही. शिस्त नीट असली की हत्यार नीट राहतं, असा त्याचा भरवसा दिसतो. तो भरवसा खोटा ठरला. 20 जानेवारी 1973 च्या रात्री कोनाक्रीत त्याला गोळ्या घातल्या त्या त्याच्याच पक्षाच्या माणसांनी.

बायकांबद्दल तो काय म्हणतो, हे शोधत मी पानं उलटली. पक्षाच्या ताब्यातल्या गावांत पाच जणांची समिती असे आणि त्यांत किमान दोन बायका असाव्यात असा नियम होता. बळजबरीच्या लग्नाला बंदी, घटस्फोटाचा हक्क. आपल्या पंचायतीत राखीव जागा येण्याच्या किती आधीची गोष्ट ही! स्टेफनी अर्दंग ही बाई 1974 मध्ये तिकडे फिरून आली आणि 1979 साली तिनं ‘फायटिंग टू कलोनियलिझम्स’ लिहिलं : एक लढा पोर्तुगिजांशी, दुसरा घरच्या पुरुषांशी. तिचं पुस्तक काब्रालच्या पुस्तकाला लागून वाचावं, कारण तो नियम सांगतो आणि ती नियमाचं घरात काय झालं ते बघते. समितीतल्या बाईकडे काम आलं ते बहुतेक तांदूळ गोळा करायचं आणि रांधून सैनिकांपर्यंत पोचवायचं. म्हणजे समिती आली तरी चूल सुटली नाही. (आपल्या पर्युषणाच्या समितीत बायकांकडे काय येतं, ते आठवा.) तितिना सिला मात्र बंदूक घेऊन लढली. काब्रालच्या अंत्यविधीला जाताना, 30 जानेवारी 1973 ला, ती पोर्तुगिजांच्या हल्ल्यात मेली. तो दिवस गिनी-बिसावमध्ये महिला दिन म्हणून पाळतात.

पुढचं सांगायला जीव होत नाही. 24 सप्टेंबर 1973 ला गिनी-बिसाव स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली. 1980 मध्ये काब्रालचा सावत्र भाऊ लुईश याला सैन्यानं सत्तेवरून खाली ओढलं आणि बंडांची मालिका अजून संपलेली नाही. केप व्हर्देच्या बेटांवर युद्ध झालं नव्हतं. तिथे 1991 मध्ये निवडणुकीतून शांतपणे सरकार बदललं. यावरून अहिंसा जिंकली असं म्हणायचा मोह होतो. पण केप व्हर्देचं स्वातंत्र्य गिनीच्या रानात सांडलेल्या रक्तानंच जवळ आलं, तेव्हा हा हिशेब इतका सोपा नाही.

आणि भुईमूग? त्याची जागा काजूनं घेतली. पोर्तुगिजांनीच आपल्याकडे आणलेलं, तिकडेही लावलेलं झाड. आज गिनी-बिसावची जवळजवळ सगळी निर्यात कच्च्या काजूची, आणि त्यातला मोठा वाटा भारतात येतो. गोव्यातल्या काजू कारखान्यांत आफ्रिकेची बी भाजली जाते, ती फोडणाऱ्या, साल काढणाऱ्या बहुतेक बायकाच. तिकडे बोंडं वेचणाऱ्याही बायका. एका पिकावर देश टांगू नये हे शेतकीच्या त्या विद्यार्थ्याला तेव्हाच कळलं होतं.

पुस्तक हातात घ्यायचंच असेल तर सुरुवातीपासून वाचू नका. 1969 मध्ये त्यानं कार्यकर्त्यांसमोर केलेली भाषणं आधी घ्या. एकी म्हणजे काय हे तिथे तो फुटबॉलच्या संघावरून समजावतो, आणि त्यातली भाषा आपल्या स्वाध्यायातल्या बायकांना सहज कळेल अशी आहे. मग 1970 चं सिरॅक्यूजचं व्याख्यान, संस्कृतीवरचं. ते कठीण आहे, दोनदा वाचावं लागतं. त्यानंतर अर्दंगबाई.