टिट्युबा : दप्तर, मौन आणि कल्पित

आरंभीच्या अमेरिकेविषयीचे ऐतिहासिक कल्पित साहित्य ज्या साधनांवर उभे आहे, त्यांतील बहुतेक साधने सत्ताधाऱ्यांच्या लेखणीतून उतरली आहेत. न्यायालयांची दप्तरे, धर्मोपदेशकांची प्रवचने व रोजनिश्या, मालमत्तेच्या याद्या हे त्यांचे मुख्य स्वरूप होय. गुलाम, मूलनिवासी आणि निरक्षर स्त्रिया यांचे शब्द त्यांत सापडतात ते प्रामुख्याने दुसऱ्याने टिपून घेतलेली जबानी म्हणून. त्यामुळे या साहित्याची चिकित्सा करताना 'हे कागदपत्रांत आहे काय?' हा एकच प्रश्न पुरेसा ठरत नाही. कागद कोणी लिहिला आणि लेखकाने आपली भर कोठे घातली, हेही विचारावे लागते. सेलमच्या चेटूक-खटल्यांतील टिट्युबा या गुलाम स्त्रीचे वाङ्मयीन चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस याच्या घरातील टिट्युबाची चौकशी १ मार्च १६९२ रोजी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन या दंडाधिकाऱ्यांपुढे सुरू झाली. तत्कालीन कागदांत ही तारीख १६९१-९२ अशा जोडवर्षाने येते. कारण इंग्लंडच्या वसाहतींत १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. चौकशीची एकाहून अधिक टिपणे उपलब्ध आहेत. इझिकिएल चीव्हरचे टिपण त्रोटक आहे, तर कॉर्विनचे विस्तृत. म्हणजे एकाच मुखातून आलेले शब्दही दोन लेखण्यांतून उतरताना एकसारखे राहिले नाहीत. टिट्युबाने कबुली दिली. धन्याने मारहाण करून ही कबुली वदवून घेतली, असे तिचे म्हणणे रॉबर्ट कॅलेफ याने १७०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले आहे. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी याचा दगडांच्या भाराखाली मृत्यू झाला. टिट्युबा मात्र मे १६९३ मध्ये आरोपमुक्त झाली. सुमारे तेरा महिने तुरुंगात राहिल्यावर, पॅरिसने न भरलेले शुल्क भरून कोणीतरी तिला विकत घेतले. येथे दप्तर थांबते.

या दप्तरात तिचा उल्लेख 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी स्त्री, असा येतो. तरीही पुढील वाङ्मयात तिचा वंश बदलत गेला. लाँगफेलोच्या १८६८ च्या जाइल्स कोरीविषयक काव्यनाट्यात तिच्या पित्याला कृष्णवर्ण लाभला. आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' (१९५३) या नाटकात ती निग्रो गुलाम झाली. चॅडविक हॅन्सन याने १९७४ च्या लेखात या स्थित्यंतराचा माग काढला, तर इलेन ब्रेस्लॉ हिने १९९६ च्या ग्रंथात टिट्युबाचे मूळ दक्षिण अमेरिकेतील आरावाक लोकांत शोधले.

मिलरचे उदाहरण विशेष विचारार्ह आहे. नाटकाला जोडलेल्या टिपणात ऐतिहासिक तथ्यांत केलेले फेरफार त्याने सांगितले आहेत. अॅबिगेल विल्यम्सचे वय वाढवले, अनेक न्यायाधीशांचे प्रतिनिधित्व दोन पात्रांकडे दिले, काही पात्रे एकत्र केली, हे त्यात नमूद आहे. टिट्युबाच्या वंशांतराचा निर्देश मात्र तेथे नाही. जे बदल लेखकाने स्वतः योजले त्यांची नोंद झाली. जो बदल परंपरेने हाती आला तो बदल आहे याचीच नोंद राहिली नाही.

मारीज कोंदे या ग्वादलूपच्या लेखिकेने १९८६ मध्ये फ्रेंच भाषेत लिहिलेली टिट्युबाविषयक कादंबरी याच्या उलट वाटेने जाते. दप्तराचे मौन ती उघडपणे कल्पिताने भरते. टिट्युबा येथे स्वतः निवेदन करते, बार्बेडोसला परतते, तेथे बंडानंतर फासावर जाते आणि मृत्यूनंतरही बोलत राहते. तुरुंगात तिची गाठ हेस्टरशी पडते. ही हेस्टर नथॅनिएल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) मधली आहे. हॉथॉर्नचे कथानक १६४० च्या दशकातील असल्याने ही भेट कालदृष्ट्या अशक्य आहे. कालविपर्यास इतका उघड आहे की वाचकाची फसगत संभवत नाही. त्यात एक मार्मिक व्यंग्यही आहे. टिट्युबाची चौकशी करणारा जॉन हॅथॉर्न हा हॉथॉर्नचा पूर्वज. शिवाय आपल्या कादंबरीच्या प्रास्ताविकात हॉथॉर्नने सेलमच्या जकातघरात जुने कागद सापडल्याचा बनाव रचला होता. त्याने कल्पिताला दप्तराचा वेश दिला. कोंदेने टिट्युबाच्या खऱ्या जबानीचा अंश कल्पिताच्या मध्यभागी ठेवला आणि तळटिपेत मूळ दस्तऐवजाचा निर्देश केला. अस्सल आणि रचित यांतील सांधा तिने झाकला नाही.

तथापि एका बाबतीत हीच कादंबरी मिलरच्या परंपरेत बसते. नायिका कृष्णवर्णी असल्याचे तिच्या शीर्षकातच उद्घोषित आहे, आणि आफ्रिकी मातेच्या पोटी तिचा जन्म कल्पिलेला आहे. कॅरिबियन इतिहासातील गुलामगिरीला वाणी देण्याचा हेतू यामागे दिसतो आणि तो समर्थनीय आहे. परंतु एका उपेक्षित समूहाला स्थान देताना दप्तरातील 'इंडियन' हा शब्द, म्हणजे दुसऱ्या उपेक्षित समूहाची पुसट खूण, आणखी पुसट होते. हेस्टरची भेट रचित आहे हे वाचकाला कळते. टिट्युबाचे आफ्रिकी मूळ रचित आहे हे सहसा कळत नाही. जाहीर केलेल्या कल्पितापेक्षा वारशाने आलेले अजाण कल्पित इतिहासभानाला अधिक बाधक ठरते, ते याच कारणाने.

ऐतिहासिक कादंबरीकाराच्या संशोधनाचे क्षेत्र यामुळे विस्तारते. मूळ कागद वाचणे हा त्याचा एक भाग झाला. कागद आणि आपण यांच्या मध्ये साचलेल्या वाङ्मयाची छाननी हा दुसरा भाग असून तो अधिक दुष्कर आहे. बखरी, अस्सल पत्रव्यवहार आणि त्यांवर रचलेल्या कादंबऱ्या यांच्या संबंधांची चर्चा मराठीत दीर्घकाळ चालत आली आहे. त्या चर्चेत कादंबरीकाराच्या स्वातंत्र्याची मर्यादा वारंवार तपासली जाते. टिट्युबाचे उदाहरण तिला एक पुढचा प्रश्न सुचवते : लेखक ज्याला स्वातंत्र्य न मानता इतिहासच समजून चालतो, त्यातले किती पूर्वसूरींच्या कल्पनेतून आलेले असते?