संरक्षण होतं, पण कॅलेंडरवरचं

शेअर्ड स्पेक्ट्रमवर वाचायला सुरुवात केलीत की सीबीआरएस हे नाव पहिल्याच आठवड्यात भेटतं. अमेरिकेतला ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा. वर नौदलाची रडारं, मध्ये लिलावातले परवानाधारक, खाली सगळ्यांना खुला थर. सेमिनारला मीही हीच आकृती दाखवली. गाइडनी एवढंच विचारलं, "वरच्या थरात फक्त रडारच का?"

नाही. शेवटच्या ५० मेगाहर्ट्झमध्ये छोटे वायरलेस इंटरनेट पुरवठादार आधीपासून होते. एफसीसीने २००५ साली तिथे हलका परवाना आणला: देशभर चालणारा, दहा वर्षांचा, पण कुणा एकाच्या मालकीचा नाही. टॉवर नोंदवायचा, शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचं. केबल पोचत नाही अशा ग्रामीण घरांपर्यंत इंटरनेट त्यातून गेलं.

१७ एप्रिल २०१५च्या आदेशाने या जुन्यांना वरच्या थरात जागा दिली, पण मुदतीपुरती. ८ जानेवारी २०१३ नंतर परवाना मिळालेल्यांना १७ एप्रिल २०२० पर्यंतच. मग दहा वर्षांचं काय? नव्या व्यवस्थेचा प्रस्ताव डिसेंबर २०१२ मध्येच आला होता, म्हणून ही कात्री मला तरी अन्यायाची वाटत नाही.

संरक्षणाचं क्षेत्रही नीट वाचा. नोंदणी नसलेल्या ग्राहक-उपकरणांसाठी बेस स्टेशनपासून ५.३ किलोमीटरचा सेक्टर धरला. त्यापलीकडचं घर वाचवायचं तर तिथलं उपकरण नोंदलेलं हवं. मॉडेल म्हणून हे स्वच्छ आहे. पण टेकडीआडच्या जवळच्या घरात सिग्नल नसेल तरी ते क्षेत्रात येतं, आणि सपाट माळावर उत्तम चालणारं दूरचं घर एका फॉर्मअभावी बाहेर राहतं.

माझा खरा आक्षेप तारखेवर आहे. जुन्यांनी जायचं कुठे, तर स्पेक्ट्रम वाटून देणाऱ्या सॅस या संगणकीय व्यवस्थेकडे. तिचं मर्यादित व्यावसायिक काम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, पूर्ण मंजुरी जानेवारी २०२० मध्ये मिळाली. म्हणजे कागदावर पाच वर्षं, हातात जेमतेम तीन महिने! जुनी वायमॅक्स उपकरणं सॅसशी बोलू शकत नव्हती. काही बदलणं भागच होतं. त्यात २३ डीबीएमहून जास्त शक्तीचा प्रत्येक घरावरचा अँटेना सॅसमध्ये स्वतंत्रपणे नोंदवायचा. मार्चमध्ये कोविड आला, घरून शिकणाऱ्या मुलांचं इंटरनेट याच टॉवरवर, आणि एफसीसीला मुदत १७ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. साथ कुणालाच दिसत नव्हती, मान्य. पण मुदत सॅसच्या मंजुरीपासून मोजली असती तर धावत्या गाडीत डबे बदलायची वेळ आली नसती.

बरं, पुढे तरी काय? लिलावाचे परवाने ३५५० ते ३६५० मध्येच. आपल्या जुन्या ५० मेगाहर्ट्झमध्ये राहणाऱ्याला खालचा खुला थर, जिथे हस्तक्षेपापासून संरक्षण नाही. संरक्षण संपल्यावर ग्राहकाला मिळणारा वेग किती राहील, याचा निकष त्या मुदतीला जोडलेला नव्हता.

तुम्ही सिम्युलेशन लिहाल तेव्हा 'इन्कम्बंट' या एका व्हेरिएबलमध्ये रडार आणि हा पुरवठादार एकत्र कोंबू नका. रडार येतं-जातं, याचा ग्राहक चोवीस तास ऑन असतो. मी माझ्या कोडमध्ये दोन वेगळे क्लास केले, तेव्हा आधीचे तीन आलेख टाकून द्यावे लागले.