चाहत्याचे मत आणि समीक्षेचा निर्णय

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'रसिक', 'सहृदय', 'मर्मज्ञ', 'जाणकार' या शब्दांना प्रतिष्ठा आहे. 'चाहता' या शब्दाला ती कधी लाभली नाही. चाहत्याला आवड असते, मत असते, प्रसंगी हट्टही असतो. मात्र त्याचे मत हा समीक्षेच्या अर्थाने निर्णय ठरू शकतो काय, हा प्रश्न सहसा उपस्थितच केला जात नाही, कारण त्याचे नकारार्थी उत्तर गृहीत धरलेले असते. कविता-कादंबरीच्या बाबतीत हे गृहीत फारसे अडचणीचे ठरत नाही. तेथे विद्यापीठीय समीक्षेची सलग परंपरा आहे. चित्रपट आणि ध्वनिमुद्रित संगीत या क्षेत्रांत मात्र मराठीत जे काही टिकाऊ लेखन झाले, त्यातील फार मोठा भाग चाहत्यांनी केलेला आहे. तेव्हा चाहत्याच्या मताची ज्ञानात्मक योग्यता कोणती, हे तपासल्याशिवाय या लेखनाचे मूल्यमापन करता येणार नाही.

चाहत्याला समीक्षेच्या दाराबाहेर ठेवणारा युक्तिवाद मुळात कांटचा आहे. कांटच्या १७९० च्या ग्रंथातील विवेचनानुसार सौंदर्यविधान हितसंबंधनिरपेक्ष असते आणि ते सर्वांच्या संमतीवर हक्क सांगते. सुखद वाटणाऱ्या गोष्टीविषयीचे विधान केवळ बोलणाऱ्यापुरते असते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) हा भेद मराठी वाचकांपुढे इतक्या काटेकोरपणे मांडला की, त्यानंतरच्या पिढीतील अभ्यासकांना आपल्या आवडीविषयी बोलताना काहीसा संकोच वाटू लागला असावा. वास्तविक पाटणकरांच्या विवेचनात अलौकिकतावादी ध्रुवाइतकाच लौकिकतावादी ध्रुवही महत्त्वाचा आहे. वर्गात मात्र पहिलाच अधिक शिकवला जातो. चाहता हा तर उघडउघड हितसंबंधी. अमुक गायिकेचे गाणे चांगले ठरावे, ही त्याची ते ऐकण्यापूर्वीचीच इच्छा असते.

भारतीय साहित्यशास्त्राकडे वळल्यास चित्र थोडे बदलते. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात काव्याच्या अनुशीलनाचा अभ्यास ही अट आहे. या अभ्यासाने मनाचा आरसा स्वच्छ होतो आणि मग त्यात वर्ण्यविषय प्रतिबिंबित होऊ शकतो. 'अभ्यास' म्हणजे पुनःपुन्हा करणे. या अर्थाने चाहत्याइतका अभ्यासू कोणीच नसतो. एकच तबकडी शेकडो वेळा ऐकणारा, एकच चित्रपट पुनःपुन्हा पाहणारा माणूस काही ना काही अनुशीलन करीतच असतो. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी चिकाटीने संकलित केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' किंवा मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था ही या अभ्यासाची दृश्य फळे आहेत. कोणत्या चित्रपटात कोणती गाणी होती, ती कोणी गायली, याविषयी आज जे निश्चितपणे सांगता येते त्याचा बराचसा पाया विद्यापीठांबाहेर घातला गेला. ही गोष्ट विद्यापीठांना फारशी भूषणावह नाही.

पण त्याच अभिनवगुप्ताने रसविघ्नांची यादीही दिली आहे आणि सातांपैकी दोन विघ्ने जणू चाहत्यासाठीच सांगितलेली आहेत. एक, अनुभव स्वतःचा किंवा परक्याचा म्हणून विशिष्ट स्थलकालाशी जखडून टाकणारा आवेश. दुसरे, 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे. कॉलेजच्या दिवसांत रेडिओ सिलोनवर ऐकलेले गाणे ऐकताना ऐकणारा नेमके काय ऐकत असतो, गाणे की कॉलेज? ज्या पुनरावृत्तीने चाहता सहृदय होतो, त्याच पुनरावृत्तीने कृतीभोवती त्याच्या आयुष्याची पुटे चढत जातात. पात्रता देणारी आणि विघ्न आणणारी क्रिया एकच आहे. चाहत्याच्या लेखनाची खरी समीक्षात्मक अडचण ही आहे; पक्षपात हे तिचे केवळ वरवर दिसणारे रूप होय.

मराठीतील संगीतविषयक लेखनात हे द्वंद्व आरंभापासून दिसते. केशवराव भोळे यांनी गायक-गायिकांवरील लेखनासाठी घेतलेले 'एकलव्य' हे टोपणनाव सूचक आहे: दुरून, गुरूच्या नकळत शिकलेला शिष्य. वामनराव देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस; त्यांचे 'घरंदाज गायकी' (१९६१) हे पुस्तक मराठी संगीतसमीक्षेतील बहुधा सर्वाधिक चर्चिले गेलेले पुस्तक असेल. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये त्यांनी घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला आणि जयपूर या दोहोंचा समतोल साधणारे. वामनराव स्वतः जयपूर गायकीचे निस्सीम चाहते होते, मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले होते. सिद्धान्ताचा सुवर्णमध्य नेमका आपल्या आवडत्या घराण्याच्या ठिकाणी यावा, यावर आक्षेप घेतले गेले आणि ते अस्थानी नव्हते. तरीही हे पुस्तक टिकले. कारण असे की, वामनरावांनी आवडीला कारणे दिली आणि ती कारणे अशा भाषेत दिली की किराण्याच्या चाहत्याला त्यांचे खंडन करता यावे. 'समतोल हाच गुण का? एखाद्या टोकाला जाऊन स्वराचाच ध्यास घेणे हा उणेपणा का मानावा?' असे प्रश्न विचारणे वामनरावांच्या मांडणीमुळेच शक्य झाले. प्रेमातून निघालेला सिद्धान्त चुकीचा असू शकतो. पण तो खंडनयोग्य असेल तर समीक्षेच्या कक्षेत येतो.

शिरीष कणेकर (मृत्यू २०२३) यांच्या 'गाये चला जा'ची जातकुळी वेगळी. हिंदी चित्रपटसंगीताच्या गायक-संगीतकारांवरील या लेखांत कारणमीमांसा अशी थोडी. विनोद, किस्सा, अतिशयोक्ती आणि उघड पक्षपात यांचीच रेलचेल. समीक्षा म्हणून त्यांची वासलात लावणे सोपे आहे. मात्र मराठी मध्यमवर्गाने हिंदी गाणे कसे ऐकले, त्याच्या आधारे स्वतःची अभिरुची कशी घडवली, याचा एवढा जिवंत दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल. तसेच ज्या संगीतकारांना लोकप्रियतेच्या बाजारात मागची जागा मिळाली, त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे काम अशा लेखनाने केले. उणीव आहे ती अशी की, या लेखनातील सुवर्णकाळ लेखकाच्या तारुण्यापाशी येऊन थांबतो. त्यानंतरचे सारे संगीत ऐकण्यापूर्वीच उताराला लागलेले असते. मताला येथे कृतीची गरज उरत नाही.

म्हणूनच चाहत्याची परीक्षा ज्येष्ठ कलावंताच्या उत्तरकालीन कृतीपाशी होते. खयालगायनात ही परीक्षा तुलनेने सौम्य असते. प्रत्येक मैफल नवी. श्रोत्याच्या स्मृतीत एकाच रागाची अनेक रूपे एकमेकांवर रचलेली. आणि लक्ष अखेर रागाकडे, बंदिशीकडे. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०-१९९२) यांचे उतारवयातील गाणे ऐकताना आवाजाचे वय हा श्रोत्यांना अडथळा वाटला नाही. चित्रपटगीताचे तसे नाही. त्याची एकच मुद्रित आवृत्ती असते, ती कधीच बदलत नाही आणि श्रोत्याच्या कानात ती स्वराच्या सूक्ष्म कंपासह कोरलेली असते. मुद्रणाचे तंत्र अशा प्रकारे गायिकेच्या तारुण्यालाच तिची प्रतिस्पर्धी म्हणून उभे करते.

बालगंधर्वांचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. तबकड्या होत्या, पण तीन-साडेतीन मिनिटांच्या. खरे गाणे रंगभूमीवरचे. साठीच्या आसपासही ते स्त्रीभूमिकेत उभे राहत तेव्हा थिएटरात बसलेला जुना प्रेक्षक समोरच्या थकलेल्या देहात आठवणीतली भामिनी पाहत असे. स्मृतीने तेथे उणीव भरून काढली. नव्या पिढीतील प्रेक्षकाजवळ ती स्मृती नव्हती, त्यामुळे त्याला तेच नाटक कसे दिसले असेल याची कल्पना करता येते. दोघांपैकी खरे कोणी पाहिले? नव्या प्रेक्षकाने, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या गायकीतील लयीची समज, शब्द सोडण्याची रीत ज्याला आधीपासून ठाऊक होती, त्यालाच थकल्या आवाजातही ती ओळखता आली असणार. स्मृती फसवते तशी दाखवतेही.

याचा सर्वांत गुंतागुंतीचा नमुना २००४ च्या 'वीर-झारा'च्या ध्वनिमुद्रिकेत सापडतो. मदन मोहन १९७५ मध्ये निवर्तले. त्यांच्या न वापरलेल्या चाली त्यांचे पुत्र संजीव कोहली यांनी सिद्ध केल्या, जावेद अख्तर यांनी त्यांवर नवे शब्द लिहिले आणि पंचाहत्तरीच्या लता मंगेशकरांनी त्या गायल्या. पडद्यावर तरुण नायिका, वाद्यमेळ नव्या शतकाचा, चाल तीस वर्षांपूर्वीची आणि आवाज अर्ध्या शतकाचा. चाहत्यासाठी याहून मोठे आमिष आणि याहून मोठी कसोटी कोणती? काहींनी या गाण्यांत सुवर्णकाळ परत आल्याचा आनंद मानला. काहींना आवाजातील क्षीणता तेवढी ऐकू आली आणि 'हे करायला नको होते' असा त्यांनी निर्वाळा दिला. दोन्ही मते परस्परविरोधी भासतात, पण दोन्हींचा मानदंड एकच: १९६० च्या आसपासचे ध्वनिमुद्रण. समोरची कृती दोघांनीही पुरती ऐकली नाही.

ती ऐकली असता काय हाती लागते? 'तेरे लिये'सारख्या गाण्यात मदन मोहन यांची ओळख पटते ती स्वरांच्या वळणाने. ओळ सरळ संपत आहे असे वाटतानाच ती किंचित बाजूला झुकते. हे वळण पूर्वी लताबाई एका श्वासात, जणू काही घडलेच नाही अशा सहजतेने घेत. येथे वळणापूर्वीची तयारी ऐकू येते. श्वास जपून वापरला जातो, स्वर टेकवून ठेवला जातो. परिणाम असा की चालीची रचना, जी पूर्वी आवाजाच्या झळाळीखाली झाकली जाई, ती आता उघडी पडते. संगीतकाराचे काम कधी नव्हे इतके स्पष्ट दिसते. याला नुकसान म्हणावे की लाभ, यावर मतभेद होऊ शकतो. नायिकेच्या वयाशी आवाज जुळत नाही हा आक्षेपही रास्त आहे, आणि तो या गाण्यांना चित्रपटगीत म्हणून खरोखर बाधतो. परंतु हा सारा वाद कृतीविषयीचा आहे आणि तो घालण्यासाठी लागणारी सामग्री फक्त चाहत्याजवळ आहे. पूर्वीचे गाणे ज्याने शेकडो वेळा ऐकलेले नाही, त्याला श्वासातला हा फरक कळणार कसा?

अडॉर्नोने १९३७ मधील निबंधात बेथोव्हेनच्या अखेरच्या रचनांविषयी जे म्हटले, आणि एडवर्ड सैद यांच्या मरणोत्तर प्रकाशित ग्रंथात (२००६) ज्याचा विस्तार झाला, ते येथे आठवणे स्वाभाविक आहे: उत्तरकालीन शैली सुसंवादाकडे जाण्याऐवजी भेगा उघड्या ठेवते. मात्र हा विचार जसाच्या तसा लागू करता येत नाही. बेथोव्हेनने भेगा स्वतः ठेवल्या. पार्श्वगायिकेच्या बाबतीत वय, बाजार, निर्मात्याची इच्छा आणि चाहत्यांचा आग्रह यांनी मिळून त्या निर्माण केल्या. येथे चाहता हा कृतीचा केवळ ग्राहक राहत नाही; काही प्रमाणात तो तिचा कारकही असतो.

चित्रपटाच्या संदर्भात स्थिती उलटी होते. कृती तशीच राहते, वय वाढते ते पाहणाऱ्याचे. गुरू दत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट प्रेक्षकांनी नाकारला आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरू दत्त यांचे नाव पडद्यावर आले नाही. पुढे चित्रपट अभिजात ठरला तो चाहत्यांच्या पुनःपुन्हा पाहण्याने. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म सोसायट्यांची चळवळ यांनी त्या पाहण्याला आधार दिला. अरुण खोपकरांचे 'गुरू दत्त: तीन अंकी शोकांतिका' (१९८५) हे पुस्तक याच आस्थेतून आले. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्याचे खरे मोल वेगळे आहे. खोपकर चित्रचौकट, प्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल, गीतांचे चित्रण यांविषयी बोलतात. आस्था तेथे निरीक्षणात परिणत झालेली आहे, त्यामुळे वाचकाला पुस्तक बाजूला ठेवून चित्रपटाकडे जाता येते आणि लेखकाचे म्हणणे पडताळता येते.

अशी शिस्त नसली की काय होते, हेही याच चित्रपटाच्या लोकप्रिय आस्वादात दिसते. १९६४ मधील गुरू दत्त यांचा अकाली मृत्यू चाहत्याच्या नजरेपुढून हलत नाही. मग सुरेश सिन्हा या दिग्दर्शक-नायकाचा अधःपात ही भविष्यवाणी ठरते आणि चित्रपटातील प्रत्येक दोष शोकाच्या आवरणाखाली क्षम्य होतो. परगतत्वाचे हे विघ्न चांगल्या चांगल्यांना चुकलेले नाही. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत, जो व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून साधला, आणि त्या झोताच्या अल्याड-पल्याड उभी असलेली दोन माणसे यांना दिग्दर्शकाच्या चरित्राची गरज नाही. ते दृश्य चरित्र ठाऊक नसलेल्यालाही तितकेच भिडते. साहेबी थाटाच्या सासरच्या मंडळींचे आणि त्यांच्या कुत्र्यांचे विनोदी प्रवेश मात्र पात्रांना व्यंगचित्राच्या पातळीवर आणतात. पत्नीच्या बाजूला काही म्हणणे असू शकते ही शक्यताच त्यामुळे नाहीशी होते आणि शोकांतिकेला आवश्यक असलेला संघर्ष एकतर्फी होऊन बसतो. गुरू दत्त यांच्या चाहत्याला ही गोष्ट इतरांपेक्षा अधिक खुपायला हवी. कारण 'प्यासा'त (१९५७) मीनाच्या, म्हणजे नायकाला सोडून गेलेल्या स्त्रीच्या, तोंडीही याच दिग्दर्शकाने तिची बाजू घातली होती.