खेड्याच्या जीवनमानाचे मोजमाप : डॉ. मॅन यांच्या दोन पाहण्या

ग्रामीण भागातील लोकांचे जीवन काळाच्या ओघात सुधारले की खालावले, या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर देण्याचा महाराष्ट्रातील एक आद्य व गंभीर प्रयत्न म्हणजे डॉ. हॅरल्ड मॅन यांच्या दोन ग्रामपाहण्या होत. मॅन हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची त्यांची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली, एन. व्ही. कानिटकर यांच्या सहकार्याने केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ साली.

पिंपळे सौदागर येथे १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. ते १८१८ च्या सुमारास साडेसतरा व १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले. गावातील १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे जमिनीच्या उत्पन्नावर निभाव लावू शकत होती. बाहेरच्या कामाची जोड मिळाल्याने २८ कुटुंबांचा मेळ बसत होता. उरलेली ६७ कुटुंबे तुटीत होती. जातेगावात तर तुटीतील कुटुंबांचे प्रमाण शेकडा ८५ पर्यंत जाते.

या पद्धतीचा मोठा गुण असा की, ती सरासरीवर संतुष्ट राहत नाही. प्रत्येक कुटुंबाची जमाखर्चाची बाजू स्वतंत्रपणे मांडल्यामुळे गावातील विषमता दृष्टीआड होत नाही. तथापि तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली गोष्ट, खाते म्हणजे कुटुंब नव्हे. एका खात्यावर किती माणसांचे पोट अवलंबून होते हे ठाऊक असल्यावाचून १७७१ चे ४० एकर व १९१५ चे ७ एकर यांची तुलना जमिनीच्या विभागणीविषयी बरेच सांगते, पण जीवनमानाविषयी थोडेच.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. जमाखर्चाचा मेळ हा ऐपतीचा निकष आहे, जीवनाच्या प्रतीचा नव्हे. जे कुटुंब अर्धपोटी राहून खर्च आवरते, ते ताळेबंदात सुस्थितीकडे सरकते. तान्हे मूल दगावले तर खाणारे तोंड कमी होते, आणि हिशेब सुधारल्यासारखा दिसतो. पाणी व जळण आणण्यात स्त्रियांचे जे श्रम खर्ची पडतात, त्यांना तर कोणत्याच रकान्यात स्थान नाही.

ही उणीव मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७९ साली मांडलेल्या भौतिक जीवनमान निर्देशांकाने अंशतः भरून काढली. बालमृत्यू, वयाच्या पहिल्या वर्षानंतरचे आयुर्मान व साक्षरता या तीन मापांना त्याने सारखेच वजन दिले. येथे मुलाचा मृत्यू हानी म्हणूनच गणला जातो. १९९० सालापासूनच्या मानव विकास निर्देशांकाने उत्पन्नही त्यात जोडले, आणि महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात तो जिल्हावार देण्यात आला. परंतु जिल्ह्याची सरासरी काढताच मॅन यांचा मुख्य गुण हातचा जातो. तुटीतील ६७ कुटुंबे तीत दिसत नाहीत.

काळाच्या तुलनेत आणखी एक पेच आहे. पी. डी. डिसकळकर यांनी केलेली पिंपळे सौदागरची फेरपाहणी १९६० साली प्रसिद्ध झाली. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथील आजच्या रहिवाशांची सुबत्ता मोजून १९१७ च्या कुटुंबांची उन्नती झाली असे म्हणता येणार नाही. स्थान तेच, माणसे निराळी. गावाचा शोध घ्यावयाचा की गावातून निघून गेलेल्यांसह मूळ कुटुंबांचा, हे अगोदर ठरविले पाहिजे. ते न ठरविता काढलेला कोणताही निर्देशांक कितीही काटेकोर असला, तरी तो स्थलांतरालाच प्रगती समजण्याची चूक करील.

तेव्हा मॅन यांची कुटुंबवार मांडणी आणि मॉरिस यांची आरोग्य-साक्षरतेची मापे यांचा संयोग करून, तीच कुटुंबे ठराविक अंतराने तपासणे हाच ग्राह्य मार्ग दिसतो. तो खर्चिक व संथ आहे. परंतु ज्यांच्या सुखदुःखाचे माप घ्यावयाचे, ती माणसे त्यात हरवत नाहीत.