सरंजाम की सार्वभौमत्व : हेगच्या एका निकालाचं वाचन

मागच्या महिन्यात पेणच्या एका अभ्यासिकेत पेटच्या तयारीला बसलेल्या मुलामुलींशी गप्पा मारायला गेलो होतो. राज्यशास्त्रात एम.ए. केलेल्या एका मुलीने आपला विषय पुढे केला : 'युद्ध रोखण्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचे अपयश'. मी म्हटलं, अपयश आलंय हे शीर्षकातच ठरवून टाकलंस, मग तीन-चार वर्षं शोधणार काय? ती म्हणाली, "दादा, बातम्या बघा ना. कायदाही आहे आणि युद्धही आहे."

तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी रसायनशास्त्राचा माणूस. रोह्यापासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत कुंडलिकेच्या गाळाचे नमुने गोळा करतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून महिनाभर वाचलं, आणि शेवटी एका निकालपत्रापाशी थांबलो. त्या निकालपत्राची ही समीक्षा. यातून कायदा कमी आणि संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा हे जास्त शिकायला मिळतं, असं मला वाटतं.

आधी थोडा इतिहास. १८९९ मध्ये हेगला शांतता परिषद भरली आणि देशांमधली भांडणं लढाईऐवजी लवादाने मिटवावीत म्हणून स्थायी लवाद न्यायालय उभं राहिलं. महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आला. १९२८ च्या पॅरिस करारात देशांनी 'धोरणाचं साधन म्हणून युद्ध आम्ही सोडतो' असं लिहून दिलं. सुरुवातीलाच सही करणाऱ्यांत ब्रिटिश अंमलाखालचा भारतही होता आणि जपानही. तीनच वर्षांत जपान मांचुरियात घुसला. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद आली. तिच्या दुसऱ्या कलमात बळाच्या वापराला बंदी आहे आणि एक्कावन्नाव्या कलमात स्वसंरक्षणाची सवलत. त्यानंतरही युद्धं झालीच. यादी अशी वाचली की ती मुलगी बरोबर वाटते.

पण या यादीत दोन दोष आहेत. पहिला, झालेली युद्धं मोजता येतात. टळलेली कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. दुसरा दोष जास्त फसवा आहे. महाराष्ट्राला जवळचं उदाहरण घ्या. जुलै १९१० मध्ये मार्सेल्स बंदरात सावरकर बोटीतून निसटले, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पकडले गेले आणि पुन्हा ब्रिटिशांच्या हाती दिले गेले. यावरून ब्रिटन-फ्रान्समध्ये वाद झाला आणि तो हेगच्या याच लवाद न्यायालयात गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा आला : सोपवण्यात अनियमितपणा झाला, पण सावरकरांना परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. दोन्ही देशांनी तो मानला. हे कायद्याचं यश म्हणायचं का? ब्रिटन आणि फ्रान्स तेव्हा मित्र होते, या कारणावरून ते लढणारच नव्हते. ज्यांना लढायचं नाही तेच कोर्टात जातात, आणि मग आपण म्हणतो की कोर्टामुळे लढाई टळली. आमच्याकडे याला सिलेक्शन बायस म्हणतात. फक्त स्वच्छ पाण्याचे नमुने घेऊन नदी स्वच्छ आहे म्हणण्यासारखं.

मग नमुना कुठून घ्यायचा? जिथे लढाई खरोखर होऊ शकत होती तिथून. रेवदंड्याला नमुने घेताना खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. पोर्तुगीज इथे होते. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढच्या वर्षी चौल-कोर्लईचा हा भागही मराठ्यांकडे आला. कोर्लई गावातली काही कुटुंबं आजही पोर्तुगीजमधून उपजलेली बोली बोलतात. मराठे आणि पोर्तुगीज यांचं नातं मात्र तिथे संपलं नाही. इंग्रजांशी लढाई चालू असताना पोर्तुगीज त्यांना मिळू नयेत ही पुणे दरबाराची गरज होती. १७७९ च्या पुण्याच्या तहात पोर्तुगिजांना दमण परगण्यातून वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल देण्याचं ठरलं. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी त्यासाठी गावं लावून दिली. तीच दादरा आणि नगर हवेली.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर गटांच्या स्वयंसेवकांनी हा प्रदेश मुक्त केला. संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते. पोर्तुगिजांचं सैन्य दमणला, आणि मधली जमीन भारताची. भारताने वाट बंद केली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याच महिन्यात, २२ तारखेला, त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. मागणी एकच : आमच्या प्रदेशात जायला आम्हाला वाटेचा हक्क आहे. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला.

निकालपत्र वाचताना मला सगळ्यात आवडली ती प्रश्नाची फोड. पोर्तुगालचं म्हणणं, मराठ्यांनी आम्हाला सार्वभौमत्व दिलं. भारताचं म्हणणं, तो तह वैध झालाच नाही, आणि मिळालं असलंच तर फक्त उत्पन्न. न्यायालयाने भारताचा पहिला मुद्दा फेटाळला : तहाच्या बंधनाबद्दल मराठ्यांनी स्वतः कधी शंका घेतली नव्हती. दुसरा मानला : तहाच्या मजकुरातून सार्वभौमत्व देण्याचा हेतू निघत नाही, आणि सनदांतले शब्द जहागिरीचे, सरंजामाचे आहेत. सरंजाम म्हणजे महसुलाचा हक्क, राज्य नव्हे. पेशवाईच्या दफ्तरातला एक शब्द हेगला जाऊन दोन देशांच्या दाव्याचा पाया हलवतो. 'प्रायमरी सोर्स कशाला वाचायचा, भाषांतर आहे ना' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

पुढची पायरी आणखी शिकण्यासारखी आहे. इंग्रज आल्यावर त्यांनी पोर्तुगिजांचा अंमल व्यवहारात मान्य केला, असं न्यायालय म्हणतं. मग सवा शतकाहून जास्त काळ लोक, अधिकारी, माल ये-जा करत राहिले. पण नुसत्या ये-जा करण्यावरून हक्क सिद्ध होतो का? न्यायालयाने एक साधी कसोटी लावली : परवानगी मागावी लागत होती का? साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल अडवणुकीशिवाय जात होता, म्हणून तिथे हक्क मानला. ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना मात्र परवानगी लागत होती, १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहातही सैन्यासाठी तशी अट होती, म्हणून तिथे हक्क नाही. ८ विरुद्ध ७. आणि १९५४ च्या तणावात भारताने वाट रोखली ती नियंत्रणाच्या अधिकारात बसते; ९ विरुद्ध ६. रस्ता तोच, जाणंही तेच. फरक एका गोष्टीने पडतो, आणि ती गोष्ट त्यांनी शोधून काढली. आपल्या सिनॉप्सिसमध्ये अशी एक ओळ असायला हवी.

आता दोष. पहिला, या सगळ्या कागदांत दादरा-नगर हवेलीची माणसं नाहीत. तिथली बहुसंख्य प्रजा आदिवासी, वारली आणि इतर. त्यांच्याच गावांचा खटला, पण या न्यायालयात पक्षकार फक्त राष्ट्रं होऊ शकतात. १९११ मध्ये सावरकरांच्या देहावरून खटला चालला तेव्हाही ते स्वतः पक्षकार नव्हते. पन्नास वर्षांत कायद्याची इमारत वाढली, दार तेवढंच राहिलं. दुसरा दोष, १९५४ नंतर त्या प्रदेशावर सत्ता कुणाची, या खऱ्या प्रश्नाला निकाल हात लावत नाही. वाटेचा हक्क होता, पण भारताने तो मोडला नाही, एवढं सांगून तो थांबतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना आपण जिंकलो म्हणता आलं. आठच महिन्यांनी, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव केला आणि पोर्तुगालच्या वसाहतींच्या यादीत गोव्याचं नाव घातलं. निकाल मागचे पावणेदोनशे वर्षांचे कागद बघत होता आणि बाहेर कायदा बदलत होता.

आता मूळ प्रश्न : यात कायद्याने युद्ध रोखलं का?

इथे मोह होतो. देश तेच दोन, वर्षं तीच. दादरा-नगर हवेलीचा खटला झाला, तिथे दोन देशांच्या सैन्यांत लढाई नाही. गोव्याचा खटला झाला नाही, तिथे डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गेलं आणि माणसं मेली. एकदम कंट्रोलसह प्रयोग! मीही वहीत तसं लिहून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी खोडलं. गोव्याला समुद्र आहे, बंदर आहे, तिथे पोर्तुगीज सैन्य बसलेलं होतं. दादरा-नगर हवेलीला चारी बाजूंनी भारत. पोर्तुगालला तिथे लढायचं असतं तरी जायचं कुठून? म्हणजे फरक कायद्याचा की भूगोलाचा, हे या तुलनेतून सांगता येत नाही. नदीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला नमुना घेऊन सगळा फरक एकाच गोष्टीच्या माथी मारला की गाईड जे विचारतात तेच इथे विचारायला हवं : दोन्ही ठिकाणी आणखी काय काय वेगळं आहे?

मग हातात काय उरलं? युद्ध झालं की नाही हे सोडून मी दुसरी खूण शोधली : कायद्यासाठी एखाद्या देशाने कुठे किंमत मोजली? बोलणं स्वस्त असतं. गोव्यात सैन्य घुसल्यावर सुरक्षा परिषदेत भारताने मांडलं की गोवा भारताचाच भाग, पोर्तुगालचा ताबाच बेकायदा, म्हणून हे आक्रमण नाही. माघारीचा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी पुढे आला आणि सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. बळ वापरणाराही कायद्याच्या भाषेत बोलतो हे खरं, पण त्यावरून कायदा चालला असं म्हणता येत नाही.

थांबणं मात्र महाग असतं. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मोकळी झाली, तरी भारताने ती लगेच सामील करून घेतली नाही. सात वर्षं तिथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. निकाल लागून गेल्यावर, ११ ऑगस्ट १९६१ ला, विलीनीकरण झालं. पुदुच्चेरीची तुलना करा : तिथे फ्रान्सशी समझोता होता, तर १ नोव्हेंबर १९५४ पासून कारभार भारताकडे आला. ताब्यात घ्यायला कुणी अडवत नसताना एक देश सात वर्षं हात आखडून बसतो, ही मला कायद्याची खूण वाटते. पक्का पुरावा मी म्हणणार नाही. थांबण्यामागे नेहरूंचं एकूण परराष्ट्र धोरणही असू शकतं, आणि दोन्ही वेगळं करायला त्या वर्षांच्या सरकारी फायली बसून वाचाव्या लागतील. पण आता निदान काय शोधायचं ते कळतं. पोर्तुगालने या सगळ्या प्रदेशांवर भारताची सत्ता मान्य केली ती १९७४ च्या तहाने, तीही लिस्बनमध्ये राजवट बदलल्यावर. म्हणजे शेवट ना कोर्टाने केला, ना एकट्या सैन्याने.

गेल्या आठवड्यात त्या मुलीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे शीर्षकातलं अपयश काढू?" मी म्हटलं, काढ, आणि त्या जागी यशही लिहू नकोस. तिने नवं शीर्षक पाठवलंय : 'दादरा-नगर हवेली १९५४ ते १९६१ : भारत का थांबला?' लहान आहे, उत्तर येण्यासारखं आहे, आणि उत्तर तिला आधी माहीत नाही.

तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहितायत त्यांनी आज एवढंच करा. आपल्या शीर्षकात निकाल आधीच लिहून ठेवलाय का ते बघा. असेल तर खोडा, आणि त्या जागी जिथे कुणीतरी किंमत मोजली अशी एक जागा, एक वर्ष लिहा. मी उद्या भरती बघून रेवदंड्याला चाललोय. माझ्या वहीतलंही एक वाक्य खोडायचं आहे.