‘आभासी तक्ता’ म्हणजे काय?

डेटाबेस शिकवणाऱ्या पुस्तकांतून व्ह्यूची व्याख्या बहुधा एका ओळीत उरकलेली असते : ‘व्ह्यू म्हणजे आभासी तक्ता’. तिच्याखाली ‘क्रिएट व्ह्यू’ ही आज्ञा आणि मग सुरक्षितता, सुलभता वगैरे फायदे. विद्यार्थी हे पाठ करतो आणि त्याला गुणही मिळतात. मात्र ‘आभासी’ या शब्दाने त्याला काहीच कळलेले नसते. उलट दोन गैरसमज पक्के होतात. पहिला असा की, व्ह्यू ही मूळ तक्त्याची कुठेतरी ठेवलेली लहानशी प्रत आहे. दुसरा असा की, तक्त्यावर जे जे करता येते ते ते व्ह्यूवरही करता येते.

शाळेतलेच उदाहरण घेऊ. जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाची नोंद असते आणि तिच्यावरून वर्गाचा हजेरीपट तयार होतो. हजेरीपट ही प्रत होय. रजिस्टरात एखाद्याचे आडनाव दुरुस्त झाले तरी पटावरचे जुने आडनाव कोणीतरी खोडेपर्यंत तसेच राहते. व्ह्यू असा नसतो. ‘रजिस्टरातली नववीची मुले वाचून दाखव’ या वाक्यासारखा तो असतो. डेटाबेसमध्ये जपून ठेवले जाते ते हे वाक्य. मुलांची यादी नव्हे.

आज्ञा अशी (संगणकाला ती रोमन लिपीत द्यायची) :

क्रिएट व्ह्यू नववी अ‍ॅज सिलेक्ट नाव, गाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर इयत्ता = 9

आता कोणी विचारले, ‘सिलेक्ट नाव फ्रॉम नववी व्हेअर गाव = ‘ओतूर’’, तर संगणक ‘नववी’ या नावाच्या जागी तिची व्याख्या घालतो. प्रश्न असा होतो : विद्यार्थी या तक्त्यातून ज्यांची इयत्ता 9 आणि गाव ओतूर, त्यांची नावे द्या. बीजगणितात ‘क्ष’ची किंमत घालावी तसेच हे आहे. बर्कली विद्यापीठात इन्ग्रेस ही प्रणाली घडवणाऱ्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1975 साली ही रीत मांडली. बीजगणित शिकलेल्या मुलाला ती पाच मिनिटांत समजते. मग पुस्तके ती का सांगत नाहीत?

ती सांगितली की ‘व्ह्यूमुळे काम जलद होते’ हा दावाही आपोआप गळून पडतो, कारण मूळ तक्ता दर वेळी वाचावाच लागतो. वेग हवा असेल तर उत्तर खरोखरच साठवावे लागते. अशा साठवलेल्या व्ह्यूला मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणतात. ओरॅकलच्या 8आय आवृत्तीत (1999) आणि पोस्टग्रेसच्या 9.3 आवृत्तीत (2013) ही सोय आली. मात्र तो पुन्हा हजेरीपट झाला : तो ताजा करावा लागतो, नाहीतर शिळा राहतो.

दुसऱ्या गैरसमजाची मुळे अधिक खोल आहेत. रिलेशनल डेटाबेसचे जनक ई. एफ. कॉड यांनी 1985 साली बारा नियम प्रसिद्ध केले. त्यांतला सहावा नियम असा : जे व्ह्यू तत्त्वतः बदलता येण्याजोगे आहेत, ते प्रत्यक्ष प्रणालीतही बदलता आले पाहिजेत. नियम देखणा आहे खरा, पण सगळी अडचण ‘तत्त्वतः’ या एका शब्दात लपलेली आहे.

समजा, एका व्ह्यूत प्रत्येक गावातील मुलांच्या गुणांची सरासरी आहे. ओतूरच्या तीन मुलांना 40, 60 आणि 80 गुण मिळाले, सरासरी 60. कोणी व्ह्यूमध्ये 60 खोडून 65 लिहू पाहिले, तर वाढीव 15 गुण कोणाला द्यायचे? एकाला सगळे की तिघांना पाच-पाच? उत्तरे अनेक, आणि त्यांतले कोणते खरे हे संगणकाला कळण्याचा मार्ग नाही. हे उदाहरण तरी उघड आहे. विद्यार्थी आणि वर्गशिक्षक हे दोन तक्ते जोडून केलेल्या व्ह्यूतील एक ओळ पुसली, तर मुलाचे नाव शाळेतून काढायचे, की शिक्षकाकडून वर्ग काढून घ्यायचा? एच. डब्ल्यू. बफ यांनी 1988 साली दाखवून दिले की कोणता व्ह्यू बदलण्याजोगा आहे हे प्रत्येक बाबतीत ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. पुढे 1990 च्या आपल्या पुस्तकात कॉड यांनी व्हीयू-1 नावाची मर्यादित कार्यपद्धती दिली. म्हणजे नियमकर्त्यालाही मुरड घालावी लागली. आपली पुस्तके मात्र या वादाचा उल्लेखही न करता पुढे जातात.

साध्या व्ह्यूतही खाचखळगे आहेत. वरच्या ‘नववी’ व्ह्यूमधून नवे नाव भरले, तर इयत्तेचा रकाना त्यात नसल्याने मूळ तक्त्यात तो रिकामा राहतो. नोंद होते, पण ‘नववी’त मात्र ती दिसत नाही! शेवटी ‘विथ चेक ऑप्शन’ जोडले, तर अशी नोंद नाकारली जाते. वर्गात हे करून पाहायला एसक्यूलाइट घेऊ नये. त्यातले व्ह्यू मुळात फक्त वाचण्यासाठी असतात. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल घ्यावे.

राहिला सुरक्षिततेचा फायदा. जनरल रजिस्टरात जात, जन्मतारीख, पालकांचे नाव असते. हे रकाने वगळून व्ह्यू केला आणि कारकुनाला केवळ त्या व्ह्यूची परवानगी दिली, तर ते त्याला दिसत नाहीत. हे योग्यच आहे. परंतु ‘व्ह्यू केला की माहिती सुरक्षित’ असे सरसकट लिहिणे धोक्याचे आहे. गावनिहाय सरासरीचाच व्ह्यू पाहा. नावे वगळलेली, गुण वगळलेले. पण एखाद्या वाडीतून एकच मुलगी शाळेत येत असेल, तर त्या वाडीची सरासरी म्हणजे तिचेच गुण. दोघी असतील तर प्रत्येकीला स्वतःच्या गुणांवरून दुसरीचे काढता येतात. गावाच्या जागी जात आणि गुणांच्या जागी पालकांचे उत्पन्न घातले की काय उघडे पडते, हे शिक्षकांना सांगायला नको. त्यावर निदान एक उपाय व्याख्येतच करता येतो : ‘हॅविंग काउंट’ ही अट घालून, ठरावीक संख्येपेक्षा कमी मुले असलेले गट व्ह्यूतून वगळणे. ही संख्या किती असावी हे मात्र एसक्यूएल सांगत नाही. ते मुख्याध्यापकांनी ठरवायचे.