माधव आपटेची बॅट आणि गोरेगावचं लाटणं

‘डोंबिवली फास्ट’ आला २००५ मध्ये. निशिकांत कामतचा पहिला सिनेमा. त्यातला बँकेतला कारकून माधव आपटे एक दिवस हातात क्रिकेटची बॅट घेतो, तेव्हा थिएटरात टाळ्या पडायच्या. आपणही वाजवल्या, हे आधी कबूल करून टाकू. मग आज, इतक्या वर्षांनी, त्या टाळ्यांबद्दल थोडं बोलू.

सुरुवातीचा भाग अजूनही अस्सल वाटतो. गजर, डबा, लोकल, ऑफिस, परत लोकल. मुलुंड-घाटकोपरवरून रोज जाणाऱ्याला त्यात वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. संदीप कुलकर्णीच्या चेहऱ्यावरचा तो आवळलेला जबडा आपण आरशात पाहिलेला असतो. आणि आपटेची तक्रारही खरी आहे: कोल्ड्रिंक थंड करण्याचे दोन रुपये जास्त का?

पण बघा, या माणसाला शेजारी नाहीत. म्हणजे बिल्डिंगमध्ये असतील, पण पटकथेत नाहीत. वॉर्ड ऑफिस नाही, अर्ज नाही, सही मागायला कुणाचं दार वाजवणं नाही. बायको आहे, अलका, पण तिच्या वाट्याला काळजी करणंच येतं. सिनेमाने आपटेला इतकं एकटं केलंय की बॅटीशिवाय त्याच्याकडे दुसरं काही उरतच नाही. आमचा आक्षेप हिंसेला नाही, या एकटेपणाला आहे. तो लेखकाने रचलेला आहे, आणि आपण तो वास्तव समजून घरी आलो.

कारण याच उपनगरांत दुसरी गोष्ट घडून गेली होती. गोरेगाव १९५७ मध्ये मुंबई महापालिकेत आलं, त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती. महापालिका आली म्हणून नळाला पाणी आलं असं झालं नाही. मृणाल गोरे १९६१ मध्ये नगरसेवक झाल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. भांडल्या म्हणजे काय? बायकांना घेऊन ऑफिसात गेल्या, उत्तर मिळालं नाही म्हणून परत गेल्या. यात पडद्यावर दाखवण्यासारखं फार नाही, हे मान्यच. पाचव्यांदा त्याच टेबलापुढे उभं राहण्याला पार्श्वसंगीत कुठून आणणार?

मग १९७२ ची महागाई. मृणालताई, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी यांनी महिला समिती उभी केली, आणि बायका लाटणी घेऊन थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. म्हणजे सगळ्या अलकाच की! सिनेमात जी घाबरून घरी बसते, तीच. लाटणंही तसं मारायला चालतं, बॅटीसारखंच, पण त्यांनी त्याचा आवाज केला. मृणालताई आणीबाणीत तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही तेव्हाची घोषणा आजही जुन्या गोरेगावकरांच्या तोंडात आहे.

कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, तेव्हा पक्ष होते, कार्यकर्ते होते. बरोबर आहे. आपटेच्या पिढीला ते मिळाले नाहीत, आणि सिनेमाचा राग तिथून येतो. पण मग त्या रिकाम्या जागेकडे कॅमेरा वळायला हवा होता. तो आपटेच्या मनगटावर थांबला.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं अंधेरीला, बोरिवलीला, कुणालाच नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाकडे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या काळात खड्ड्यांचे फोटो भरपूर आले, खाली रागावलेले चेहरेही. एकदा कुणीतरी लिहिलं, ‘एक माधव आपटे पाहिजे.’ त्याला सतरा अंगठे मिळाले. वॉर्ड ऑफिसला सोबत कोण येतंय, असं एका मावशींनी त्याखाली विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं नाही. आमचंही नाही.